स्ट्रॅप लॉकची नोंदवही: कुलूप भक्कम आहे, पण स्क्रूचं काय?

सध्या हाताशी असलेली वाद्यं: माझी यामाहा पॅसिफिका 112, एपिफोनची एसजी आणि एका मित्राचा बेस. तिन्हींना स्ट्रॅप लॉक, म्हणजे खांद्यावरचा पट्टा बॉडीवरच्या धातूच्या बटणावरून सुटू नये म्हणून लावायची कुलपं, बसवायची आहेत, आणि शक्यतो एकाच जातीची, म्हणजे कुठलाही स्ट्रॅप कुठल्याही वाद्याला लागेल. कोणतं लॉक घ्यायचं यावर गिटारवाल्यांमध्ये धर्मयुद्धं होतात. मीही आधी शालर की डनलॉप, या दोन कंपन्यांपैकी कुणाचं, एवढाच प्रश्न धरून बसलो होतो. काम पुढे सरकलं तसा तो प्रश्न मागे पडला. ते कसं, ते लिहितो.

आधी कारण

चामड्याच्या टोकाला चीर असलेला साधा स्ट्रॅप नवा असताना बटणावर चढवायला अंगठ्याची साल निघते. वर्षभराने तोच आपोआप उतरतो. भार असताना तो सहसा निघत नाही, निघतो तो भार सुटल्यावर. बसून वाजवताना गिटार मांडीवर टेकली, मागचा स्ट्रॅप सैल पडून थोडा पिळला गेला, आणि तसेच उभे राहिलात की शेपटीकडचं टोक बटणावरून अलगद बाहेर.

पॅसिफिका पडली तर पोचा येईल, ट्यूनिंग बिघडेल, फार तर जॅक वाकेल. तिचं हेडस्टॉक, म्हणजे मानेच्या टोकाचा तारा पिळायच्या खुंट्यांचा भाग, फेंडरच्या धर्तीवर मानेच्या सरळ रेषेत असतं. एसजीचं तसं नाही. एपिफोन गिब्सनचीच कंपनी, आणि गिब्सनच्या घराण्यात हेडस्टॉक मागे कललेलं असतं, खुद्द गिब्सनवर हा कोन पारंपरिक 17 अंशांचा. त्यात नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) लगेच मागे ट्रस रॉडसाठी (मानेतला धातूचा दांडा) लाकूड कोरलेलं, म्हणजे जिथे ताण सगळ्यात जास्त तिथेच लाकूड सगळ्यात कमी. अशी गिटार पाठीवर आपटली की मान तिथेच तडकते. दुरुस्ती होते, चांगलीही होते, पण विकताना भाव पडतो तो पडतोच.

बाजारात काय आहे

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रबरी चकती. ग्रोल्श नावाच्या डच बिअरच्या बाटलीला तारेच्या खटक्याचं झाकण असतं, त्याखालची लाल चकती गिटारवाले कित्येक वर्षं बटणावर चढवत आलेत. फेंडर आता तशाच चकत्या स्ट्रॅप ब्लॉक नावाने विकतं. आपल्याकडे ती बिअर कुठे शोधत बसणार? गीझरच्या कनेक्शन पाईपला लागतो तो अर्ध्या इंचाचा रबरी वॉशर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. थोडा ताणून बटणाच्या डोक्यावरून घातला की काम होतं. माझ्या मते घरी वाजवणाऱ्याला एवढं पुरेसं आहे. फक्त गिटारला नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर रबर थेट बॉडीला टेकू देऊ नका. ते फिनिश रबराच्या संगतीत मऊ पडतं, डाग पडतो. मध्ये स्ट्रॅपचं चामडं येतं, पण वॉशर मोठा असेल तर कडेने टेकतोच.

माझी अडचण वेगळी. डोंबिवलीहून लोकलने सरावाला जायचं तर गिटार बॅगेत हवी, आणि बॅग अशी तंग की स्ट्रॅप काढल्याशिवाय चेन लागत नाही. दर वेळी वॉशर काढा, घाला, हरवा. म्हणून झटकन निघणारं लॉक हवं.

शालर ही जर्मन कंपनी, 1945 साली हेल्मुट शालरने काढलेली, न्यूरेंबर्गजवळच्या पोस्टबाउअर-हेंग गावातली. तिच्या लॉकचा स्ट्रॅपकडचा भाग घोड्याच्या नालेसारखा असतो. तो बटणाच्या मानेखाली बाजूने सरकतो आणि मधली स्प्रिंगची पिन बटणाच्या खळग्यात उतरते. डनलॉपवाला जिम डनलॉप मूळचा स्कॉटलंडचा, कंपनी कॅलिफोर्नियातल्या बेनिशियाची. तिच्या लॉकमध्ये मधोमध दाबायचं बटण, आत बारीक छर्रे. दाबलं की छर्रे आत जातात, सोडलं की बाहेर येऊन खाचेत अडकतात. याखेरीज लॉक्स आहे, तेही जर्मन, आणि डिमार्झिओचा क्लिपलॉक आहे, ज्यात स्ट्रॅपची टोकंच गिटारला स्क्रूने कायमची बसतात आणि मधला पट्टा बकलने सुटतो. क्लिपलॉक माझ्या मते या सगळ्यात हुशार उपाय आहे. पण मग स्ट्रॅपही त्यांचाच घ्यावा लागतो, आणि मला माझा चामड्याचा सोडवत नाही.

कुठलं कशाने दगा देतं

डनलॉपचा धोका अर्धवट बसण्याचा. छर्रे खाचेत नीट गेले नाहीत तरी लॉक वरून बसल्यासारखंच दिसतं. म्हणून टक् आवाज आल्यावर जोरात ओढून बघायचं, ही सवयच लावून घ्यायला हवी. दुसरं म्हणजे स्ट्रॅपवर ते एका छोट्या क्लिपने टिकतं, फिटर लोक जिला सर्क्लिप म्हणतात. चामडं जाड असेल तर क्लिप खाचेपर्यंत पोचत नाही. पोचल्यासारखी वाटते, आणि दोन महिन्यांनी पलंगाखाली सापडते. पावसाळ्यात घाम आणि धुळीने छर्रे जड होतात, त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चालतो.

शालरच्या जुन्या लॉकचा दोष नटमध्ये. स्ट्रॅपकडचा भाग नट आणि वॉशरने आवळलेला असतो आणि वाजवताना तो हळूहळू ढिला होतो. लॉक शाबूत, बटण शाबूत, पण लॉकमधूनच स्ट्रॅप सुटतो. लोक त्यावर नेलपॉलिश लावत आलेत. मी जांभळं लॉकटाइट 222 (आटे जखडणारा द्रव) लावतो, ते पान्ह्याने पुन्हा सुटतं. नव्या एस-लॉकमध्ये कंपनीने नटच काढून टाकला. त्याजागी हाताने फिरवायचं मोठं चाक आहे, आणि ते अॅलन कीच्या छोट्या स्क्रूने जागच्या जागी जखडतं. हीच सुधारणा पाहून मी शालरकडे झुकलो.

नालेचं एक फार कमी लोक बघतात. नालेची उघडी बाजू स्ट्रॅपच्या दिशेला हवी आणि बंद बाजू स्ट्रॅपच्या टोकाकडे. मग गिटारचं वजन बटणाला नालेच्या बंद बाजूत दाबून धरतं, आणि पिन बिघडली तरी गिटार लगेच सुटत नाही. उलटं बसवलं तर सगळा भार त्या बोटभरही नसलेल्या पिनवर. दुकानात टांगलेल्या गिटारींवर मी हे उलटं बसवलेलं पाहिलंय.

या सगळ्यात कुठेही मूळ यंत्रणा तुटल्याची गोष्ट नाही. तक्रारी आहेत त्या दोन टोकांच्या: लॉक स्ट्रॅपला कसं धरतं आणि बटण लाकडाला कसं धरतं.

पॅसिफिका

हे काम सरळ होतं. आल्डर लाकडाची बॉडी, जुना स्क्रू घट्ट. जुनं बटण काढलं, नवं ठेवलं, पण नव्याबरोबर आलेला स्क्रू जुन्यापेक्षा किंचित जाड. अशा वेळी तसाच पिळून बसवला तर हॉर्नच्या, म्हणजे बॉडीच्या पुढे आलेल्या शिंगासारख्या भागाच्या, टोकाला चीर जाऊ शकते. आधी 2.5 मिमीच्या ड्रिलने भोक साफ केलं. बिटला किती खोल जायचं तिथे मास्किंग टेप गुंडाळली. स्क्रूचे आटे मेणबत्तीवर घासले आणि हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने आवळला. शेवटचा पाऊण आटा तरी हातानेच द्यावा. ड्रिल मशीनला थांबायचं कळत नाही.

जुनाच स्क्रू वापरायचा मोह होतो, पण त्याचं डोकं बघा. पिन ज्या खळग्यात उतरते त्याच्या तळाशी हे डोकं पूर्ण बसलं पाहिजे. गोल डोक्याचा स्क्रू वर आला तर पिन अर्धीच उतरते. आपल्या दमट हवेत साधे स्क्रू गंजतात म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून खाली निमुळत्या डोक्याचे स्टेनलेसचे घेतले आणि नव्या बटणात आधी कोरडे ठेवून बघितले.

एसजी

इथे खरा धडा मिळाला. एसजीचं पुढचं बटण हॉर्नवर नसतं, मानेच्या बुडाशी पाठीमागे असतं. तिथला स्क्रू लाकडाच्या रेषांना आडवा जातो, म्हणून धरून होता. शेपटीकडचा मात्र हाताने फिरत होता, फिरत राहत होता आणि घट्ट काही होत नव्हता. बाहेर काढला तर आट्यांमध्ये तांबूस भुसा. आटे गेलेले, लाकडातले.

शेपटीकडचंच भोक का जातं? बॉडीच्या लाकडाच्या रेषा मानेपासून शेपटीकडे धावतात आणि तिथला स्क्रू त्या रेषांच्या दिशेने आत जातो. सुतार सांगेल की अशा टोकाच्या लाकडात स्क्रूची पकड आडव्यापेक्षा कमी. त्यात गिटार बहुतेक वेळा त्याच बटणावर टेकते, भिंतीला उभी करताना, बॅगेत ठेवताना. आणि भर म्हणजे लॉक. साधा स्ट्रॅप बटणाच्या मानेवर, लाकडाला जवळजवळ चिकटून ओढतो. लॉक लावलं की ओढ तेवढीच, पण लाकडापासून दूर जाते आणि स्क्रूवर तरफेसारखी चालते. म्हणजे ज्या स्क्रूने साधा स्ट्रॅप वर्षानुवर्षं सांभाळला तो लॉकखाली सैल पडू शकतो. सुरक्षिततेसाठी घेतलेल्या वस्तूमुळे स्क्रूवरचा भार वाढतो, हे कुठल्याही पाकिटावर लिहिलेलं नसतं.

दुरुस्ती जुनीच. भोक स्वच्छ केलं. बांबूच्या टूथपिक फेविकॉलमध्ये बुडवून एकेक करून ठासल्या, शेवटची हातोडीने हलकेच. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी ब्लेडने वरचा भाग सपाट कापला, पुन्हा 2.5 मिमीचं भोक, मेण, स्क्रू. काडेपेटीच्या काड्याही चालतात असं सगळे सांगतात. चालतात, पण त्यांचं लाकूड मऊ, बांबूची पकड जास्त.

आवळताना शेवटी स्क्रू ड्रायव्हरला जो करकरीत विरोध जाणवला, तो या अख्ख्या उद्योगातला माझा आवडता क्षण. लॉक कुठलं आहे याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

एसजीचं मान खाली जाणं, म्हणजे हात सोडला की मान जमिनीकडे झुकणं, लॉकने सुटत नाही, कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. बॉडी पातळ आणि हलकी, मान लांब, नायलॉनचा स्ट्रॅप खांद्यावरून सरकतो. त्यावर आतून खरखरीत, रुंद चामड्याचा स्ट्रॅप हाच उपाय. पण असं चामडं जाड असतं, आणि इथे डनलॉप पुन्हा मागे पडलं. शालरलाही चीर पुरेशी नव्हती. स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी भोक पाडायचा पंच लावून दोन ठोक्यांत गोल, स्वच्छ भोक पाडलं आणि वर विचारलं, "कशाचा पट्टा म्हणायचा हा? घोड्याचा?" घरी कात्रीने कापू नका. कापलेल्या कोपऱ्यातून चामडं फाटत जातं, गोल भोक फाटत नाही.

काही सराव झाल्यावर

पॅसिफिकावर काही तक्रार नाही. एसजीवर मानेकडचं लॉक हलवताना खडखडतं, धातूवर धातू. अॅम्पमधून ऐकू येत नाही, पण घरी अॅम्पशिवाय वाजवताना कानाला टोचतं. बटणाखाली फेल्टची चकती घातल्यावर बरंच कमी झालं, शिवाय फिनिशवर वळ उठत नाही. चाकाचा अॅलन स्क्रू एका बाजूला किंचित ढिला सापडला, पुन्हा आवळला. आता तार बदलताना तेही बघतो.

मध्येच एका ऑनलाइन दुकानातून शालरसारखी दिसणारी बिननावाची जोडीही मागवून बघितली, स्वस्तात भागतंय का म्हणून. दिसायला हुबेहूब. पण तिची नाल खऱ्या शालरच्या बटणावर डुगडुगते आणि तिच्या बटणावर खरी नाल चढतच नाही. एकाच कंपनीच्या जोडीत चालेलही, पण सरमिसळ नको. पिनची स्प्रिंग तर इतकी मऊ की बॅगेच्या कापडात अडकून पिन वर आली. ती जोडी आता ड्रॉवरमध्ये आहे, तिचे स्क्रू तेवढे कामी आले.

डनलॉपच्या बाजूने एक सांगायलाच हवं. कार्यक्रमात कुणी लॉक नसलेला स्ट्रॅप हातात दिला तर त्यांच्या ड्युअल डिझाइन बटणावर तो लागतो, नाव त्यावरूनच. शालरच्या बटणावरही साधा स्ट्रॅप लागतो. डनलॉपचंच बॉडीत कोरून बसवायचं फ्लश प्रकारचं मॉडेल मात्र या बाबतीत कुचकामी, आणि त्यासाठी गिटारला मोठं भोक पाडायचं म्हणजे परतीचा रस्ता बंद. ज्याला स्वच्छ, सपाट दिसणं हवं त्याने जरूर करावं. मी नाही करणार.

बेस बाकी आहे

मित्राच्या बेसचं शेपटीकडचं भोक इतकं मोठं झालंय की टूथपिकचं काम नाही. तिथे 8 मिमीचं भोक पाडून लाकडी खुंटी बसवावी लागेल. बाजारात मिळणाऱ्या गोल दांड्याच्या रेषा लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे स्क्रू पुन्हा टोकाच्याच लाकडात. आडव्या रेषांची खुंटी प्लग कटरने कापून घ्यावी लागते. ओळखीच्या सुतारांकडे सागाचा तुकडा पडलाय, पण साग तेलकट, गोंद धरेल की नाही याची मला शंका आहे. शिसम मिळाला तर बघतो. तोवर बेसवर गीझरचा वॉशर आहे, आणि मित्राला बसून वाजवायला सांगितलंय. कुणी बेसला आडव्या रेषांची खुंटी बसवली असेल तर कुठलं लाकूड आणि कुठला गोंद वापरला ते कळवा, पुढच्या शनिवारी कापायला घेणार आहे.