टीबी नाही, सारकॉइडोसिस

आज एकदाचा आईचा बायोप्सी रिपोर्ट हातात आला: सारकॉइडोसिस, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे आत ठिकठिकाणी सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार. कोविड होऊन गेला, ताप उतरला पण कोरडा खोकला काही हटेना, त्यात नडग्यांवर लाल दुखऱ्या गाठी, आणि सीटी स्कॅनमध्ये छातीतल्या लिम्फ नोड्स (प्रतिकारशक्तीच्या छोट्या गाठी) दोन्ही बाजूंनी सुजलेल्या, म्हणजे आपल्याकडे पहिलं नाव येणार टीबीचंच. एकाने तर सरळ टीबीच्या गोळ्या चालू करा म्हणून सांगितलं होतं!

नशीब, आत्ताच्या डॉक्टरांनी आधी ईबस करायला लावलं. तोंडातून दुर्बीण श्वासनलिकेत घालतात आणि सोनोग्राफीवर बघत सुईने नोडमधला नमुना घेतात. त्यात ग्रॅन्युलोमा सापडले, म्हणजे पेशींचे छोटे पुंजके, पण टीबीत बहुतेकदा दिसतो तसा मधला मेलेला भाग नाही, जीन एक्सपर्ट ही टीबीचे जंतू शोधणारी तपासणीपण निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, "काकू, खात्री करायलाच हवी होती. याला गरज पडली तर स्टिरॉइड देतो, आणि आत टीबी लपलेला असला तर तो त्याने भडकतो." कोविडमुळेच झालं का, तर म्हणे अशा केसेस नोंदल्या गेल्यात पण सिद्ध काही नाही, कदाचित जुनंच असेल आणि स्कॅन केला म्हणून दिसलं.

आईचा प्रश्न एकच, "नातवाला जवळ घेतलं तर चालेल ना?" चालेल गं, हे कोणाला लागत नाही.

उद्या डोळे दाखवायचेत, यात डोळ्यांना आतून सूज येऊ शकते. आणि कॅल्शियम वाढू शकतं म्हणून मावशीने पाठवलेल्या व्हिटॅमिन डीच्या गोळ्या सध्या बंद, मावशीला कोण सांगणार देव जाणे.