हिंडलगा कारागृहात अभ्यासासाठी जाताना

कैद्यांच्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासासाठी कोल्हापूरहून बेळगावला जाऊन आले. मागून जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितेय.

कागल, निपाणी, संकेश्वर करत बसने बेळगाव सुमारे ११० किलोमीटर. कारागृह वेंगुर्ला रस्त्यावर हिंडलग्याला, शहराला लागूनच, रिक्षा मिळते. १ नोव्हेंबरचा सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन आणि कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या हिवाळी अधिवेशनाचा काळ मात्र टाळा. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बस थांबतात, आणि अधिवेशनात लॉजवर खोली मिळणं अवघड.

परवानगीचं काम महिनोन्‌महिने आधी धरा. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, बेंगळुरूच्या कारागृह मुख्यालयाचं पत्र आणि मग अधीक्षकांनी दिलेली वेळ, या क्रमाने गेलात तर हेलपाटे वाचतील. मोबाईल, रेकॉर्डर बाहेरच राहणार असं धरून कागद-पेनाची तयारी ठेवा. संमतीपत्र कन्नड आणि मराठी दोन्हींत हवं. खानापूर, निपाणीकडचे अनेकजण घरात मराठी बोलतात, पण शाळा कन्नडमधून झालेली असते. म्हणून वाचायला देऊन भागत नाही, शेजारी बसून सांगावं लागतं.

खरी कसोटी त्या संमतीचीच आहे. जिथे उठणं, जेवणं, गिनती सगळं दुसऱ्याच्या हुकमावर चालतं, तिथे आलेला होकार कितपत मनापासूनचा? खानापूर भागातल्या एका कच्च्या (खटला अजून चालू असलेल्या) कैद्याने माझा कागद दोनदा उलटसुलट केला. शेवटी विचारलं, "ताई, ह्यो कागद कोर्टात जाणार हाय काय?" नाही, आणि यामुळे जामीनही मिळणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि "मग विचारा" म्हणाला. हे दोन्ही नकार आधी सांगायचे, सही मागायची ती त्यानंतर. देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन जण कच्चे कैदी असतात, त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा 'तारीख'च असते. तारखेच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी मुलाखत घेतलीत तर त्या दिवसाची धास्तीच मोजली जाईल.

वॉर्डर दिसेल पण त्याला ऐकू जाणार नाही, अशी बसायची जागा मागून घ्या. सुरुवात झोपेपासून करा. झोपेबद्दल कुणीही बोलतं, आणि त्यातूनच घर, व्यसन, भीती निघत जाते. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीचा नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा आहे. 'हो' आलं तर त्याच दिवशी कोणाला कळवायचं हे कारागृहाच्या डॉक्टरांशी आधी ठरलेलं नसेल, तर तो प्रश्न विचारूच नका. आणि अशी गोष्ट मी डॉक्टरांना सांगणार, हे मुलाखतीच्या सुरुवातीलाच समोरच्याला सांगा. बाकी सगळं गुप्त, एवढं मात्र नाही.

पुढच्या उपचारांसाठी बेळगावचं जिल्हा रुग्णालय आहे, आणि सुमारे ७५ किलोमीटरवर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०३ वाचून जा. प्रत्येक राज्यात निदान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय हवी, असं त्यात आहे. बेंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात निम्हान्स या तिथल्याच मानसिक आरोग्य संस्थेने पाच हजारांवर कैद्यांचा अभ्यास केला, तोही पाहून जा. आपले प्रश्न बेतायला त्याची मदत होते.

बाहेर मुलाकतीच्या, म्हणजे कैद्यांना भेटायच्या, रांगेतल्या बायका विचारतात, "आमचा माणूस बरा आहे ना?" जीव तुटतो. तरी निरोप आत-बाहेर करायचे नाहीत. एकदा केलात की आतला माणूस तुम्हाला संशोधक मानत नाही आणि तुमची परवानगीही धोक्यात येते. कुणाला घरच्याच ताणाबद्दल बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत १४४१६ क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या. मी चिठ्ठ्या आधीच करून नेल्या होत्या, सगळ्या संपल्या.