खानेसुमारी १९११, सरावाचा ब्लॉक: बेरीज जुळली, तरी दोन माणसं चुकलेली

१९११ ची खानेसुमारी, म्हणजे जनगणना, आम्ही सरावाच्या एका ब्लॉकात (एका प्रगणकाच्या वाट्याची घरं) तेव्हाच्या पद्धतीनं पुन्हा करून बघतोय: प्रगणक घरोघरची माणसं वहीत नोंदवतो, मग वहीतल्या प्रत्येक माणसाची एकेका चिठ्ठीवर नक्कल होते आणि त्या चिठ्ठ्या खणांत लावून मोजतात. तीन फेऱ्या झाल्यावर अडलेली गाठ अखेर सुटली. मागच्या नोंदीत म्हटलं होतं की एकूण आकडा बरोबर येतो, पण स्त्री-पुरुषांचा हिशेब काही केल्या बसत नाही. कारण सापडलंय, आणि ते चिठ्ठ्यांच्या खणांत नव्हतंच. ते प्रगणकाच्या वहीत होतं, तेही लाल शाईत.

आधी आकडे पुन्हा मांडतो. सरावाच्या ब्लॉकात ३८ घरं. काळ्या शाईतल्या प्राथमिक नोंदणीत १९१ माणसं, त्यांत ९७ पुरुष आणि ९४ स्त्रिया. मोजणीच्या रात्री लाल शाईनं ९ जण कमी केले (६ पुरुष, ३ स्त्रिया) आणि ५ वाढवले (२ पुरुष, ३ स्त्रिया). म्हणजे १८७ उरायला हवेत: ९३ पुरुष, ९४ स्त्रिया. सकाळचा गोषवारा दोघांनी वेगवेगळा केला आणि दोघांचंही उत्तर हेच आलं. चिठ्ठ्या मोजल्या तर त्याही १८७. मात्र पुरुषांच्या ९४ आणि स्त्रियांच्या ९३.

पहिला संशय साहजिकच चिठ्ठीच्या प्रकारावर गेला. १९०१ पासूनच्या पद्धतीत धर्म चिठ्ठीच्या रंगावरून कळतो आणि लिंग व वैवाहिक स्थिती तिच्यावरच्या खुणेवरून. आपल्या संचात रंग तीन. पुरुषाला गोल आणि स्त्रीला चौकोन. अविवाहित असेल तर खूण रिकामी, विवाहित असेल तर अर्धी भरलेली, विधवा-विधुर असेल तर पूर्ण भरलेली. सहा खुणा गुणिले तीन रंग, म्हणजे अठरा गठ्ठे. योग्य गठ्ठ्यातून चिठ्ठी उचलली की सोळा रकान्यांपैकी चौथा, पाचवा आणि सहावा हे तीन न लिहिताच भरले जातात. वेळ भरपूर वाचतो, पण हात शेजारच्या गठ्ठ्यावर गेला तर एका झटक्यात तीन रकाने चुकू शकतात. म्हणून सगळ्या चिठ्ठ्या वय, जात आणि धंदा लावून तपासल्या. चौकोनाच्या जागी गोल पडलाय अशी एकही सापडली नाही.

दुसऱ्या फेरीत खणांचा क्रम उलटा केला, आधी वय आणि मग लिंग. तरीही ९४ आणि ९३ च.

तिसऱ्या फेरीआधी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात वहीतला अनुक्रमांक, म्हणजे दुसरा रकाना, लिहिला. आधी वेळ वाचवायला तो गाळला होता आणि तीच आपली मोठी चूक होती. चिठ्ठ्या क्रमानं लावल्यावर १ ते १९६ मध्ये नऊ क्रमांक गायब निघाले. कमी केलेली माणसंही नऊच, त्यामुळे इथंही सगळं ठीक वाटतं. पण गायब क्रमांक लाल रेघांच्या यादीशी एकेक करून ताडले तेव्हा ११८ हा कमी केलेला पुरुष चिठ्ठीवर हजर होता, आणि १९५ ही त्या रात्री आलेली पाहुणी बाई कुठंच नव्हती. एक जास्त आणि एक कमी, म्हणून बेरीज जुळत होती.

११८ का नक्कल झाला ते नीट पाहण्यासारखं आहे. त्याच्यावरची लाल रेघ फक्त तिसऱ्या रकान्यात, नावावरच, मारलेली. आपल्या चिठ्ठीवर नाव येतच नाही. नक्कल करणाऱ्याची नजर धर्म, लिंग, वैवाहिक स्थिती इथून सुरू होते, कारण आधी चिठ्ठी उचलायची असते. मग वय, जात, धंदा. तिसऱ्या रकान्याकडे बघायचं त्याला काही कारणच नसतं. त्यात ती रेघ बारीक टाकानं ओढलेली. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात बारीक लाल रेघ कागदात विरून जाते, ओढणाऱ्यालाही धड दिसत नाही. तेव्हा यापुढे नियम असा की रेघ पहिल्यापासून सोळाव्या रकान्यापर्यंत सलग ओढायची, आणि जाड टाकानं. लाल जेल पेन अजिबात नको. त्याची शाई चकाकते आणि दिव्याखाली रेघ तुटक दिसते. टाक आणि दौत यांना पर्याय नाही.

१९५ ची गोष्ट वेगळी. ती घर क्रमांक ११ मध्ये आली, पण त्या घराखाली ओळ शिल्लक नव्हती, म्हणून तिची नोंद वहीच्या शेवटच्या पानावर गेली. त्याच पानावरची बाकीची चार नक्कल झाली, ही मात्र पान उलटताना सुटली. यावर पहिला उपाय ठरवला होता तो प्रत्येक घराखाली दोन कोऱ्या ओळी ठेवायचा. पानाला १२ ओळी, म्हणजे १९१ माणसांना १६ पानं लागतात. ७६ कोऱ्या ओळी वाढवल्या की २३ होतात. एका ब्लॉकाला सात पानं जास्त म्हणजे फारच, आणि खरी खानेसुमारी अशा हजारो ब्लॉकांची असायची.

हे लिहितानाच दुसरा मार्ग सुचतोय: घरामागं एकच कोरी ओळ (२० पानांत बसतं), आणि तीही भरली तर त्या घरासमोर समासात लाल अक्षरांत ‘पुढे पान अमुक’. म्हणजे नक्कल करणारा घर संपवतानाच शेवटच्या पानावर जाऊन येईल. पुढच्या फेरीला हेच करू, दोन ओळींचा बेत रद्द.

चिठ्ठीपद्धतीची खरी ताकद या चुकीनं नीट दाखवली. १८८१ आणि १८९१ ला तक्त्यांवर रेघोट्या मारून मोजणी व्हायची. एक रेघोटी चुकीच्या घरात पडली की ती कुणाची होती हे त्या तक्त्यावरून कधीच कळत नाही. चिठ्ठी मात्र पुन्हा लावता येते, पुन्हा वाचता येते. १९०१ ला हा बदल झाला त्यामागचा फायदा एका माणसाचा शोध घेताना असा हाताला लागतो.

कागदाबद्दल थोडं. या वेळच्या रिमात पिवळ्याच्या दोन छटा निघाल्या आणि दिव्याखाली फिकी छटा पांढऱ्यात मिसळली. पिवळा बाद केलाय, त्याच्या जागी पोपटी. कार्डशीट घेऊ नका: १८७ चिठ्ठ्यांचा गठ्ठा खणात अडकतो. साधा ८० जीएसएम पुरतो. घरांचे क्रमांक गेरूनं घातलेत. गेरूत डिंकाचं पाणी मिसळलं की हात लागला तरी पुसत नाही.

आता रात्रीची फेरी. १९११ ला मोजणीची वेळ संध्याकाळी ७ ते मध्यरात्र. ३८ घरांना ३०० मिनिटं, म्हणजे घरामागं जेमतेम आठ मिनिटं, तीही चालणं धरून. तारीख १० मार्च, फाल्गुन शुद्ध दशमी-एकादशीच्या सुमाराची. चंद्र दिवस मावळायच्या आधीच वर आलेला आणि मध्यरात्रीनंतरही आकाशात, शिवाय होळी चार-पाच दिवसांवर, त्यामुळे घरात पाहुण्यांची गर्दी कमी. १९०१ (१ मार्च), १९२१ (१८ मार्च) आणि १९३१ (२६ फेब्रुवारी) याही तारखा शुद्ध पक्षातल्या, नवमी ते एकादशीच्या आसपासच्या. पण १८८१ चा १७ फेब्रुवारी आणि १८९१ चा २६ फेब्रुवारी पडताळले तर दोन्ही वद्य पक्षात पडतात, पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी. म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण दोन-अडीच तास अंधार, मग चंद्रोदय. याचा फरक वहीत दिसला पाहिजे. म्हणून पुढची फेरी दोनदा करायची, एकदा शुद्ध दशमीला आणि एकदा वद्य तृतीयेला. ब्लॉक तोच, घरांचा क्रम तोच, वेळ दोन्हीकडे ७ ते १२. लाल दुरुस्त्यांत किती चुका होतात ते मोजायचं.

प्रवासी मोजणीचं काम अजून हातात घेतलेलं नाही. रात्री गाडीतून उतरणाऱ्यांना स्टेशनावरच मोजायचे, आणि जे गाडीतच राहिले त्यांच्यासाठी सकाळी सहाच्या सुमाराला गाडी थांबवून डबे तपासायचे. मोजलेल्याला पास मिळायचा, नाहीतर तो घरी पोचल्यावर दुसऱ्यांदा मोजला गेला असता. आपल्या ब्लॉकात अशा पासाची दोन माणसं घालावीत असं आता वाटतंय, कारण ११ व्या घरच्या पाहुणीसारखीच तीही ऐनवेळी दारात येतील आणि प्रगणकाला त्यांची नोंद करायची की नाही हे ठरवावं लागेल.

वद्य तृतीयेच्या फेरीला येणाऱ्यांनी कंदील, जाड टाक, लाल दौत आणि टीपकागद आणावा. टीपकागद विसरू नका. ओली लाल रेघ समोरच्या पानावर उमटली की तिथला जिवंत माणूसही कमी झाल्यासारखा दिसतो.