जमा, खर्चु, शिल्कु

रताळ्यांचे दिवस सुरू झाले की आप्पा बेळगावच्या बाजारातून संध्याकाळी परत यायचे, हातपाय धुवायचे आणि खिशातली अडतीची पट्टी, म्हणजे अडत्याने दिलेला विक्रीच्या हिशोबाचा कागद, माझ्यापुढे धरायचे. आकडे त्यांना कळत. पण मजकूर कन्नडात, त्यामुळे कशापोटी किती कापले ते कळत नसे. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून मला कन्नड अक्षरे लागू लागली होती. मी बोट ठेवून वाचायचो: वजन एवढे, हमाली एवढी, तोलाई, अडत आणि हाती आले ते एवढे. मग आप्पा पट्टी तारेला टोचून ठेवत. पैसे कधी कमीच आलेले असत, पण का कमी आले ते समजले की त्यांचा चेहरा निवळायचा. दहावीत मी विद्यार्थी मंडळाच्या खजिनदारपदाला उभा राहिलो तो या पट्टीमुळे.

ते 1986-87 चे वर्ष. त्या जूनमध्ये सीमाभागात कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटले होते, गोळीबारात माणसे गेली होती. आमच्या शाळेत मराठी आणि कन्नड असे दोन्ही वर्ग एकाच इमारतीत भरत. पूर्वी पाण्याच्या टाकीपाशी मिसळून उभी राहणारी मुले त्या वर्षी वेगवेगळी उभी राहत. मंडळ मात्र दोघांचे एकच होते.

स्नेहसंमेलनाची वर्गणी प्रत्येकी 5 रुपये. आईने हे पैसे दूध घालून साठवलेल्या डब्यातून काढून दिलेले मला दिसत. आठवीत दिले, नववीत दिले. मांडव पडला, पेढे वाटले, बक्षिसे झाली, पण एकूण किती जमले, किती गेले, काही उरले का, हे कुणालाच ठाऊक नसायचे. कुणी पैसे खाल्ले असे मी तेव्हा म्हटले नाही, आजही म्हणत नाही. तरी आईच्या डब्यातले ते 5 रुपये कुठे गेले, हे मला कळायला हवे होते.

माझ्याविरुद्ध उभा असलेला मुलगा चांगला खेळाडू होता. त्याने नवा फुटबॉल आणायचे कबूल केले होते. मी वर्गावर्गांत जाऊन एवढेच सांगितले की दर शनिवारी जिन्याखालच्या फळ्यावर सगळा हिशोब लिहीन. ज्याची पावती मिळत नाही, त्या खर्चाच्या चिठ्ठीवर दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेईन. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

कन्नड वर्गात मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. बेळगावी मराठीत म्हणाला, "आम्ही पण पैसे दिलोय की. तू फळ्यावर मराठीत लिवणार. आम्हाला वाचायला यायला नको काय?"

मला आप्पांची पट्टी आठवली. वाचता न येणाऱ्या कागदापुढे बसलेला माणूस मी रोज घरात पाहत होतो. मी तिथल्या तिथे म्हणालो, फळ्याच्या मधोमध रेघ मारू, डावीकडे मी लिहीन, उजवीकडे तू लिही. यावर माझ्याच वर्गातली काही मुले चार दिवस माझ्याशी बोलली नाहीत. त्यांचा राग मला समजत होता, कारण जूनची जखम माझ्याही घरात होती. पण सक्तीने शिकवणे वेगळे आणि ज्याचे पैसे आहेत त्याला वाचता यावे म्हणून लिहिणे वेगळे, हे मी तेव्हाही मानत होतो. मराठीसाठी आजही तितक्याच ठामपणे उभा राहतो आणि हेही तितक्याच ठामपणे मानतो.

खडूच्या खोक्यात चिठ्ठ्या पडल्या. मी 23 मतांनी निवडून आलो.

पहिल्या शनिवारी मी आणि कन्नड वर्गातला तो मुलगा फळ्यापुढे उभे राहिलो. मी लिहिले, जमा. त्याने लिहिले, जमा. मी खर्च लिहिले, त्याने खर्चु. मी शिल्लक लिहिले, त्याने शिल्कु. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आकडे सोडले तर भाषांतर करण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते. त्यानंतर शनिवारी सुट्टी झाली की फळ्यापुढे दोन्हीकडची मुले एकमेकांच्या खांद्यावरून डोकावू लागली.

संमेलन झाले. जमा 2060 रुपये, खर्च 2004. पेटीत 56 हवे होते, भरले 38. मी तीन वेळा मोजले. रात्रभर झोप नाही. सकाळी हेडसरांकडे गेलो आणि म्हणालो की 18 रुपये मी घरून आणून घालतो. सर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घातलेस तर हिशोब जुळेल, पण तो खरा असणार नाही. जे आहे ते लिही."

फळ्यावर 'फरक 18 रुपये, सापडला नाही' असे लिहिताना माझा हात थरथरत होता. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मत दिलेली सगळी शाळा मागे उभी होती. उजवीकडे माझ्या सोबत्याने तेच कन्नडात लिहिले आणि मी काही न सांगता खाली माझ्या नावाशेजारी स्वतःचेही नाव घातले. ते त्याने का केले असेल, हे मला विचारावे लागले नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी फळ्यापुढे रेंगाळताना दिसली. जवळ गेलो तशी म्हणाली, "दादा, रांगोळीचे रंग आम्ही आणले होते. तुम्ही मांडवात मला पैसे दिलात, सह्या राहिल्या. ते इथं कुठं दिसत नाही."

किती दिले होते ते मी विचारले.

"अठरा."

मी कन्नड वर्गाकडे धावत गेलो आणि त्याला हाताला धरून घेऊन आलो. तिच्यासमोरच दोघांनी ओळ वाढवली: रांगोळीचे रंग, 18. खर्च 2022. शिल्लक 38. शिल्कु 38.