धपाटा की थेरपी

"तीन वर्षांच्या पोराला कसली आलीय थेरपी, दोन धपाटे घाल, सरळ होईल!" आज क्लिनिकच्या वेटिंगमध्ये एक आजी शेजारच्या आईला म्हणाल्या. पोरगं तिच्या दंडाला चावत होतं आणि ती नुसती बाही खाली ओढत होती, जुने वण झाकायला.

मला काही राहवेना. म्हटलं आजी, पोराला कोचावर झोपवून प्रश्न नाही विचारत हो. पीसीआयटी (पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, म्हणजे पालक आणि मूल दोघांना एकत्र घेऊन केलेली थेरपी) म्हणून एक पद्धत आहे, शीला आयबर्ग बाईंनी १९७०च्या दशकात अमेरिकेत काढलेली, साधारण २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी. त्यात आई मुलाशी खेळते, थेरपिस्ट काचेपलीकडून बघतो आणि तिच्या कानातल्या इअरपीसवर सांगत राहतो, आता कौतुक कर, आता दुर्लक्ष कर.

"म्हणजे शिकवणी आईचीच की!" आजी.

बाबांचीही असते. हे बाबा खाली गाडीत फोनवर होते. तुमच्याकडे कोण जातं मुलांना घेऊन?