कागदी काडी कोरडी येईपर्यंत

खालच्या डाव्या दाढेचे रूट कॅनॉल मला दोनदा करून घ्यावे लागले. पहिल्या वेळी, दीड वर्षापूर्वी, मुळांतील नळ्यांत सिमेंट भरण्याचे काम जेमतेम दहा मिनिटांत उरकले गेले आणि एक्सरेची प्रत मागितल्यावर ‘त्यातले तुम्हाला काय कळणार’ असे ऐकावे लागले. त्याचा राग अजून गेलेला नाही. यंदा डिसेंबरात कडक भाकरीचा तुकडा त्या बाजूला आला, मस्तकापर्यंत कळ गेली आणि दोन दिवसांत हिरडीवर पुटकुळी आली.

सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या डॉक्टर बाईंनी नवा एक्सरे समोर धरला, तेव्हा मला सर्व काही कळले. मुळातील भरणाची पांढरी रेघ टोकापासून 0.5 ते 1 मिलिमीटर अलीकडे थांबायला हवी. माझ्या मागच्या मुळात ती चांगली 3 मिलिमीटर आधीच संपलेली होती आणि मध्ये एक काळी फट होती, म्हणजे तिथे सिमेंट पोहोचलेच नव्हते. जुने गटापर्चा (सिमेंटसोबत नळीत भरतात तो रबरासारखा पदार्थ) उकरून काढण्यात एक बैठक गेली. जबडा अवघडला, यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

खरे अडकलो ते पुढे. नळी सुकली की नाही हे पाहण्यासाठी पेपर पॉइंट नावाची, समईच्या वातीहून बारीक अशी कागदी काडी आत घालतात. माझ्या पुढच्या मुळातील दोन्ही नळ्यांतून ती कोरडी येई आणि मागच्या नळीतून दर वेळी टोकाला पिवळसर ओल घेऊन येई. मग कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट आत ठेवायची (म्हणजे खरे तर पानाला लावतो तो चुनाच, फक्त औषधी शुद्धतेचा), वरून तात्पुरते भरण करायचे आणि ‘पुढच्या आठवड्यात या’. असे तीनदा झाले. त्यातली एक तारीख नेमकी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत आल्याने आणखी पाच दिवस वाया गेले. ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी जानेवारीचा मध्य टाळावा.

तिसऱ्या वेळी मी वाद घातला. कॅल्शियम सिलिकेटचे नवे सिमेंट ओलाव्यानेच घट्ट होते असे वाचले होते, मग थोड्या ओलीसाठी एवढे अडून का बसायचे, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, “काका, दाताच्या भिंतीत मुरलेली ओल त्याला पुरते. पण खालून पाझरत असेल, तर सिमेंट घट्ट होण्याआधीच पातळ होते आणि भिंतीला धरत नाही. रेझिनचे सिमेंट वापरायचे म्हटले, तर नळी याहून कोरडी लागेल.” मी गप्प बसलो.

चौथ्या खेपेला काडी कोरडी आली. ती त्यांनी उजेडात धरून मला दाखवली, तेव्हा परीक्षेत पास झाल्यासारखे वाटले.

पहिल्या दवाखान्यात स्प्रिंगसारखी तार, म्हणजे लेंटुलो, घरघरत आत गेली होती. इथे ती दिसलीच नाही. तिने सिमेंट झपाट्याने खाली जाते हे खरे, पण वाकड्या नळीत ती तुटू शकते आणि अंदाज चुकला तर सिमेंट मुळाबाहेर ढकलले जाते. खालच्या दाढांखालून नस जाते, तिच्यापर्यंत ते पोहोचले तर ओठ बधिर होतो, हे ऐकून मी विषय वाढवला नाही. त्यांनी आधी कोन, म्हणजे गटापर्चाची निमुळती कांडी, नुसताच बसवून एक्सरे घेतला. ओढताना तो टोकाशी किंचित अडकला पाहिजे म्हणे. मग सिरिंजने थोडे सिमेंट आत सोडले, कोनाला सिमेंट माखले आणि हवा कोंडू नये म्हणून तो अगदी सावकाश दोन-तीनदा वरखाली करून जागेवर नेला. शेवटी तापलेल्या हत्याराने वरचा भाग कापून दाबला.

राहून गेले ते सांगतो: रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवतात तो रबरी पडदा) लावतात का हे आधीच विचारावे, कारण नळीत लाळ शिरली की सुकवण्याचे सारे कष्ट वाया जातात, आणि भरणानंतरचा एक्सरे तिथेच मोबाईलवर घ्यावा. माझ्याकडे आता तीन सलग पांढऱ्या रेघांचा फोटो आहे. कॅपचे माप येत्या सोमवारी आहे, तोवर कडक भाकरी आमटीत कुस्करून खातो आहे.