जांबोटीच्या वाटेवर गळून पडलेली गिअरची दांडी

बेळगावला परतताना कणकुंबी मागे टाकून सात-आठ किलोमीटर झाले असतील. एका वळणावरच्या चढाला तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात येण्यासाठी मी डावा पाय दाबला आणि पायाखाली काहीच लागले नाही. मोटरसायकल बाजूला घेऊन वाकून पाहिले, तेव्हा इंजिनाच्या डाव्या अंगातून गिअर शाफ्टचे बोटभर टोक तेवढे बाहेर आलेले दिसले. त्यावर असायला हवी ती दांडी मागे कुठेतरी पडली होती.

दोष आदल्या दिवशीचा होता. बेळगावात मी चेन आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाके, बदलून घेतले होते. माझ्या गाडीचे पुढचे लहान स्प्रॉकेट बाहेर काढायचे, तर त्यावरचे कव्हर उघडावे लागते आणि कव्हर निघण्यासाठी आधी गिअरची दांडी उतरवावी लागते. परत बसवताना तिचा बोल्ट बोटांनी फिरवून ठेवला गेला आणि पाना लावायचा राहून गेला, असा माझा तर्क आहे. पण सगळे खापर गॅरेजवर फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सकाळी जाताना किणयेच्या पुढे दांडी हलते आहे हे पायाला कळले होते, आणि ‘कणकुंबीला पोहोचल्यावर बघू’ म्हणत मी पुढे गेलो. तिथे माउलीच्या देवळात आणि मलप्रभेच्या उगमाशी तास-दीड तास काढला, पण गाडीकडे ढुंकून पाहिले नाही.

दांडीच्या मुळाशी एक कडे असते. त्याला एका बाजूने चीर दिलेली असते आणि आतून बारीक दाते पाडलेले असतात. तसेच दाते शाफ्टवर असतात. बोल्ट आवळला की चीर मिटते, कडे शाफ्टला घट्ट धरते आणि पायाचा जोर दात्यांवाटे आत पोहोचतो. शिवाय बहुतेक गाड्यांच्या शाफ्टला दात्यांवर आडवी खाच असते. बोल्ट त्या खाचेतून जातो, म्हणून तो थोडा सैल झाला तरी दांडी लगेच निसटत नाही, नुसती डुगडुगते. आणि हे डुगडुगणेच घातक असते, कारण प्रत्येक गिअरला कड्यातले दाते थोडे थोडे खाल्ले जातात. आपल्याकडच्या पंजा-टाच दांडीवर तर लोक टाचेने लाथ मारल्यासारखा गिअर टाकतात, त्यामुळे हे काम अधिकच लवकर होते. मीही त्यांतलाच.

पायी मागे निघालो. अर्ध्या किलोमीटरवर तांबड्या चिखलात दांडी सापडली. बोल्ट मात्र सापडला नाही. हत्यारांच्या पिशवीत १० नंबरचा पाना होता, पण लावायला बोल्ट नको का? दांडीचा बोल्ट ६ मिलिमीटरचा, म्हणून नंबर प्लेटचा बोल्ट काढून लावून पाहिला. जाडीने जुळला, लांबीला आखूड पडला. कड्याच्या चिरीच्या दोन्ही बाजूंना बोल्टसाठी भोकाचे कान असतात; वरच्या कानाला आटे नसतात, ते फक्त खालच्या कानात असतात, आणि माझ्या बोल्टचे टोक तिथवर पोहोचेना.

जवळच म्हशी चारणारे एक मामा बराच वेळ माझी ही खटपट पाहत होते.

“गिअरची दांडी पडली व्हय? ह्या रस्त्याला सायलेन्सर पडत्यात. कुठनं आलासा?”

“बेळगावहून, मामा. तारेचा एखादा तुकडा मिळेल का?”

त्यांनी कुंपणाला बांधलेल्या तारेचे उरलेले टोक तोडून दिले. शाफ्टवरची माती पुसून दांडी बसवली, बोल्टच्या भोकातून तार दुहेरी ओवली आणि पकडीने पीळ दिला. तार खाचेतून गेल्यामुळे दांडी गळून पडणार नव्हती. मात्र बोल्टसारखी पकड तारेने येत नाही, त्यामुळे जोर दिला की दाते घसरणारच होते. म्हणून गाडी थोडी मागेपुढे ढकलत, हाताने दांडी दाबून, एकदाच दुसरा गिअर टाकला आणि तो जांबोटीपर्यंत बदलला नाही. सपाटीवर अर्धा क्लच धरून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलते. चढावर थांबण्याची वेळ येऊ नये, एवढीच काळजी होती, आणि नेमक्या चढावरच दोनदा गुरे आडवी आली.

जांबोटीच्या गॅरेजमधला तरुण फोनवर कन्नडमध्ये बोलत होता. माझी तार पाहून तो हसला आणि फोन न ठेवताच त्याने पीळ उलगडला. बाकड्यावरच्या एकाने सल्ला दिला, “वेल्डिंग मारून सोड की.”

“वेल्डिंग मारलं तर पुढच्या खेपेला कव्हर कसं काढायचं? आतलं सील जळतंय ते वेगळंच,” तो म्हणाला.

पेट्रोलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने त्याने शाफ्ट घासला. काळा चिखल ओघळला आणि दाते दिसू लागले. शाफ्टचे शाबूत होते, कड्यातले मात्र एका बाजूने बोथट झाले होते. सहसा असेच होते आणि ते बरेच आहे, कारण दांडी बदलता येते, शाफ्टसाठी इंजिन उघडावे लागते. त्याने डब्यातून योग्य लांबीचा बोल्ट शोधून आवळला, तरी दांडी किंचित हललीच. मग त्याने कडे माझ्या डोळ्यांसमोर धरले. चिरीचे दोन्ही ओठ एकमेकांना टेकले होते. बोल्ट आणखी आवळून काहीच होणार नव्हते, कारण मिटायला जागाच उरली नव्हती. त्याने दांडी काढून शिकंज्यात धरली, चिरीतून करवतीचे पाते सात-आठ वेळा फिरवले आणि जेमतेम पात्याच्या जाडीइतकी फट मोकळी केली. एवढ्यावर कड्याने शाफ्ट असा धरला की दांडीबरोबर गाडीच हलू लागली.

शेवटी त्याने मला गाडीवर बसवून पाय ठेवायला सांगितले आणि दांडी एक दाता वर घेतली, कारण माझ्या बुटाचे टोक तिच्याखाली शिरत नव्हते. हे आजवर कोणत्याही गॅरेजमध्ये मला कोणी विचारले नव्हते. बोल्टखाली स्प्रिंग वायसर घातला आणि ८० रुपये घेतले.

“पिरनवाडीला थांबून एकदा पाना लावून बघा. आणि नवी दांडी घ्या, ही फार दिवस काढायची नाही.”

पिरनवाडीला रस्त्याकडेला थांबून पाना लावला. बोल्ट पाव फेरा आत गेला. दुसऱ्या दिवशी बेळगावातून नवी दांडी आणली आणि ती बसवताना बोल्ट स्वतःच आवळला.